सर्व्हर स्वतःची ओळख खरी सांगतो का? एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि ओरॅकल यांची पारख

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फाउंड्रीच्या हिशेब खात्यात टेबलाखाली बघा. कॉम्प्युटरचे दोन डबे शेजारी शेजारी असतात. एकावर 'सर्व्हर' अशी पट्टी, दुसऱ्यावर 'जुना, बंद करू नये'. बिलिंगच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या रकान्यात एक टिंब, एक उलटी तिरकी रेघ आणि 'एसक्यूएलएक्सप्रेस' एवढंच लिहिलेलं. टिंब म्हणजे 'हेच मशीन'. म्हणजे प्रोग्रॅम ज्या मशीनवर उघडाल त्यावर टिंबाचा अर्थ ठरणार. नव्या डब्यावर उघडला तर नवा डेटाबेस, जुन्यावर उघडला तर जुना. दोन्हीकडे तोच पडदा, तीच पार्टीची नावं, तोच पासवर्ड. फरक कळतो तो महिनाअखेरीला, जेव्हा चार दिवसांच्या पावत्या ताळेबंदात सापडत नाहीत.

डेटाबेस उत्पादनांची परीक्षणं वेगावर आणि किमतीवर भरपूर होतात. शीर्षकातल्या चार डेटाबेस उत्पादनांसाठी इथे कसोटी एकच आहे. सर्व्हरला जोडून झाल्यावर त्यालाच क्वेरी (डेटाबेसच्या भाषेतला प्रश्न) टाकून विचारलं, 'तू कोण, कुठल्या मशीनवर, नेटवर्कच्या कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टवर (त्या पत्त्यावरच्या कुठल्या क्रमांकाच्या दारावर), कुठली आवृत्ती, कधीपासून चालू', तर उत्तर खरं येतं का? आणि हे विचारायला साधं लॉगिन पुरतं, की प्रशासकाचे हक्क लागतात? जिल्ह्याच्या गावी मुख्य कार्यालय आणि खानापूर, निपाणी, संकेश्वरला शाखा असलेल्या सौहार्द सहकारी सोसायट्या, गळीत हंगामात रात्रंदिवस वजनकाटा चालवणारे साखर कारखाने, तंबाखूच्या वखारी: या सगळ्यांना या कसोटीची गरज वेगापेक्षा जास्त आहे.

आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकायच्या. अंडरस्कोअर, कंस आणि अवतरणचिन्हं जिथे दाखवली आहेत तिथेच.

एक भेद आधी पक्का करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे जमिनीच्या उताऱ्यावर नाव एकाचं असतं आणि वहिवाट दुसऱ्याचीच असते. डेटाबेसचंही तसंच आहे. काही उत्तरं सर्व्हरने कधीकाळी लिहून ठेवलेली असतात आणि तो तीच वाचून दाखवतो. काही उत्तरं तो त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टिमकडून किंवा जोडणीकडून घेतो. पहिला उतारा, दुसरी वहिवाट. कुठलं उत्तर कुठल्या जातीचं हे माहीत नसेल तर बरोबर क्वेरी टाकूनही माणूस फसतो.

एसक्यूएल सर्व्हरपासून सुरुवात करू. या पट्ट्यातल्या हिशेबाच्या, सोसायटीच्या आणि पगाराच्या प्रोग्रॅमखाली त्याची फुकट एक्सप्रेस आवृत्ती फार ठिकाणी दिसते. नाव विचारायला बहुतेक जण 'सिलेक्ट @@सर्व्हरनेम' टाकतात. लिहायला सोपं, पण हा उतारा आहे. इन्स्टॉल करताना मशीनचं जे नाव होतं ते सर्व्हरच्या स्वतःच्या यादीत, म्हणजे 'सिस.सर्व्हर्स' मध्ये, शून्य क्रमांकाच्या ओळीत नोंदलं जातं आणि ही आज्ञा तीच ओळ वाचते. नंतर विंडोजमध्ये मशीनचं नाव बदललं किंवा एका डिस्कची नक्कल करून दुसरं मशीन उभं केलं, तरी ती ओळ आपोआप बदलत नाही.

म्हणून दोन्ही एकत्र विचारायचं: 'सिलेक्ट @@सर्व्हरनेम, सर्व्हरप्रॉपर्टी('सर्व्हरनेम'), सर्व्हरप्रॉपर्टी('मशीननेम')'. नक्कल करून उभ्या केलेल्या मशीनवर उत्तराची ओळ अशी येते: पहिल्या रकान्यात 'ऑफिस-पीसी\एसक्यूएलएक्सप्रेस', दुसऱ्यात 'काटा-२\एसक्यूएलएक्सप्रेस', तिसऱ्यात 'काटा-२'. पहिला रकाना जुना मालक सांगतोय, पुढचे दोन आत्ताची वहिवाट. पहिले दोन रकाने जुळत नसतील तर दुरुस्ती करायचीच, कारण बॅकअपच्या आणि देखरेखीच्या बऱ्याच स्क्रिप्ट @@सर्व्हरनेम वाचून फाइलला नाव देतात. मग दोन मशीनचे बॅकअप एकाच नावाने एकाच फोल्डरमध्ये पडतात आणि दुसरा पहिल्यावर लिहिला जातो.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. आधी 'एसपी_ड्रॉपसर्व्हर' ला जुनं नाव, मग 'एसपी_ॲडसर्व्हर' ला नवं नाव आणि दुसरा शब्द 'लोकल'. तो 'लोकल' राहिला तर नाव दूरच्या सर्व्हरचं म्हणून नोंदलं जातं आणि @@सर्व्हरनेम नल (रिकामं उत्तर) दाखवू लागतं. नामित इन्स्टन्स (मशीनवर वेगळ्या नावाने चालणारा सर्व्हर) असेल तर दोन्ही वेळा पूर्ण नाव, मशीन, तिरकी रेघ आणि इन्स्टन्ससकट. यात बदलतो फक्त मशीनचा भाग, इन्स्टन्सचं नाव या वाटेने बदलत नाही. त्यानंतर एसक्यूएल सर्व्हरची सेवा बंद करून चालू करावी लागते, तोवर जुनंच नाव दिसत राहतं. बरेच जण इथेच 'काम झालं नाही' म्हणून पुन्हा पुन्हा तीच आज्ञा देत बसतात. ड्रॉपसर्व्हर 'अजून रिमोट लॉगिन शिल्लक आहेत' म्हणून अडला तर नावापुढे 'ड्रॉपलॉगिन्स' असा दुसरा शब्द द्यायचा. रेप्लिकेशन (एका सर्व्हरचा डेटा दुसऱ्यावर आपोआप उतरवत राहणं) चालू असेल तर मात्र नावाला हात लावू नये.

'होस्ट_नेम()' या फंक्शनचा धोका सर्वात मोठा आहे. नावावरून वाटतं, सर्व्हरच्या मशीनचं नाव देईल. देतं ते जोडणाऱ्या मशीनचं. सर्व्हरवरच बसून तपासलं तर दोन्ही मशीन एकच असल्यामुळे उत्तर बरोबर येतं आणि प्रोग्रॅम लिहिणारा खूश होतो. मग निपाणीच्या शाखेतून जोडलं की काउंटरवरच्या मशीनचं नाव पडद्यावर 'सर्व्हर' म्हणून झळकतं. शिवाय हे नाव जोडणारा प्रोग्रॅम स्वतः पाठवतो, त्यामुळे तो वाटेल ते पाठवू शकतो. हक्क ठरवण्यासाठी किंवा कुणी काय केलं याच्या नोंदीसाठी यावर विसंबणं चूक आहे.

पत्ता आणि पोर्ट विचारायला 'कनेक्शनप्रॉपर्टी('लोकल_नेट_ॲड्रेस')' आणि 'कनेक्शनप्रॉपर्टी('लोकल_टीसीपी_पोर्ट')'. साधं लॉगिन पुरतं आणि उत्तर चालू जोडणीचं असतं, म्हणजे वहिवाट. पण सर्व्हरवरच बसून विचाराल तर दोन्हीकडे नल येतो. यात बिघाड काही नाही. एकाच मशीनवरची जोडणी आधी शेअर्ड मेमरीतून होते, तिला आयपी पत्ता नसतोच. 'कनेक्शनप्रॉपर्टी('नेट_ट्रान्सपोर्ट')' टाकलं की ते लगेच कळतं. पत्ता हवाच असेल तर जोडताना नावाआधी 'टीसीपी:' लिहायचं आणि पुढे स्वल्पविराम देऊन पोर्ट. तेही जोडलं नाही तर एक्सप्रेसमध्ये टीसीपी (नेटवर्कवरून जोडण्याची वाट) मुळात बंद असतं हे आठवा. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन ते चालू करायचं आणि सेवा पुन्हा सुरू करायची.

नामित इन्स्टन्सचं पोर्ट ही शाखांची नेहमीची डोकेदुखी. मूळ इन्स्टन्स १४३३ वर ऐकतो. 'एसक्यूएलएक्सप्रेस' सारखा नामित इन्स्टन्स मात्र चालू होताना मोकळं पोर्ट उचलतो. ते कुठलं, हे विचारणाऱ्याला सांगायचं काम एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर नावाच्या सेवेचं, यूडीपी या नेटवर्कच्या दुसऱ्या वाटेने, १४३४ पोर्टवर. कार्यालयात सगळं चालतं आणि शाखेतून 'सर्व्हर सापडत नाही' येतं, तेव्हा ब्राउझर बंद आहे किंवा मधल्या फायरवॉलने यूडीपी अडवलंय, हे दोन आधी तपासावेत. कायमचा उपाय म्हणजे पोर्ट बांधून टाकणं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपीच्या गुणधर्मात, 'आयपी ऑल' च्या खाली, डायनॅमिक पोर्टचा रकाना पूर्ण रिकामा करायचा. तिथे शून्य ठेवलं तर डायनॅमिकच राहतं. मग खालच्या रकान्यात हवं ते पोर्ट लिहायचं. त्यानंतर शाखेतून नाव, स्वल्पविराम, पोर्ट असं जोडलं की ब्राउझरची गरजच उरत नाही.

आवृत्तीचा भाग या उत्पादनाने चांगला केला आहे. 'सर्व्हरप्रॉपर्टी('प्रॉडक्टव्हर्जन')' चा पहिला आकडा पुरतो: १०.५० म्हणजे २००८ आर२, ११ म्हणजे २०१२, १२ म्हणजे २०१४, १३ म्हणजे २०१६, १४ म्हणजे २०१७, १५ म्हणजे २०१९, १६ म्हणजे २०२२. आकडा १२ किंवा त्याखाली आला तर मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपलेला आहे. २०१४ ची मुदत जुलै २०२४ मध्ये गेली. 'एडिशन' विचारलं आणि एक्सप्रेस आलं, तर डेटाबेसचा आकारही त्याच वेळी बघावा. २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती भरली की १८२७ क्रमांकाची चूक येते आणि नव्या पावत्या थांबतात. लॉग फाइल (बदलांची नोंदवही) त्यात धरत नाहीत, त्यामुळे लॉग आक्रसून १८२७ जाणार नाही.

आपल्या सीमाभागात आणखी एक प्रश्न ओळखीतच मोडतो, तो म्हणजे 'सर्व्हरप्रॉपर्टी('कोलेशन')', अक्षरांचा क्रम आणि जुळवणी कुठल्या नियमाने होते ते. सभासदाचं नाव मराठीत, गावाचं नाव कन्नडमध्ये, पत्ता इंग्रजीत, हे इथे रोजचं आहे. देवनागरी आणि कन्नड दोन्हींना एनव्हारचार (सगळ्या लिप्या साठवणारा) रकाना लागतो. साध्या व्हारचारमध्ये, त्याचं कोलेशन यूटीएफ८ नसेल तर, ती प्रश्नचिन्हं होतात आणि एकदा झाली की परत अक्षरं होत नाहीत. रकाना बरोबर असूनही प्रश्नचिन्हं आली तर क्वेरीतल्या अवतरणाआधीचा 'एन' राहिलेला असतो. दुसरी गोष्ट: जुन्या सर्व्हरचा डेटाबेस नव्यावर आणला आणि दोघांचं कोलेशन वेगळं निघालं, तर तात्पुरत्या टेबलांशी जुळवणी करणारे अहवाल ४६८ क्रमांकाची चूक देऊन पडतात. स्थलांतराआधी दोन्ही सर्व्हरना हा एक प्रश्न विचारला तर रविवारचा दिवस वाचतो.

'कधीपासून चालू' साठी 'सिस.डीएम_ओएस_सिस_इन्फो' मधला 'एसक्यूएलसर्व्हर_स्टार्ट_टाइम'. पण त्याला सर्व्हरची स्थिती बघण्याचा वेगळा हक्क लागतो. तो नसेल तर 'सिस.डेटाबेसेस' मधून टेम्पडीबीची (तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसची) 'क्रिएट_डेट' वाचा. टेम्पडीबी प्रत्येक वेळी सेवा सुरू होताना नव्याने बनतो, त्यामुळे ती वेळ सुरू होण्याचीच वेळ, आणि ती साध्या लॉगिनलाही दिसते. खानापूरकडे जून-जुलैच्या पावसात रात्री वीज जाते, सकाळी सगळं चालू दिसतं आणि यूपीएसने तग धरला असं सगळे समजतात. ही वेळ पहाटेची निघाली तर यूपीएसची बॅटरी तपासायची, डेटाबेस नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना: सर्व्हरप्रॉपर्टी आणि कनेक्शनप्रॉपर्टी ही दोन्ही 'एसक्यूएल_व्हेरियंट' या जातीचं उत्तर देतात. काही जुने ड्रायव्हर ते नीट वाचत नाहीत, रकाना रिकामा येतो किंवा चूक येते. दोन्हींभोवती कास्ट करून 'एनव्हारचार(१२८)' करावं.

एकूण एसक्यूएल सर्व्हर भरपूर आणि बारकाईने सांगतो, साध्या लॉगिनलाही. दोष इतकाच की सर्वात सोपी आज्ञा सर्वात जुनं उत्तर देते, आणि नवखा माणूस नेमकी तीच टाकतो.

मायएसक्यूएलचं वागणं याहून सरळ आहे. 'सिलेक्ट @@होस्टनेम, @@पोर्ट, @@व्हर्जन, @@व्हर्जन_कमेंट, @@डेटाडिर' या एका ओळीत बहुतेक सगळं येतं आणि कुठल्याही लॉगिनला येतं. होस्टनेम हे सर्व्हर सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतलेलं असतं, म्हणजे मशीनचं नाव बदलल्यावर सेवा एकदा पुन्हा सुरू झाली की खरं. डेटाडिर फार कामाचं आहे. एकाच मशीनवर दोन मायएसक्यूएल असतील तर होस्टनेम सारखंच येतं, डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे यावरूनच कोण कोणता ते कळतं.

व्हर्जनकडे नीट बघा. झॅम्प (वेब प्रोग्रॅम बनवायला लागणाऱ्या सर्व्हरांचा तयार संच) टाकलेल्या मशीनवर कंट्रोल पॅनेलच्या बटणावर मायएसक्यूएल लिहिलेलं असतं, पण नव्या झॅम्पमध्ये आत मारियाडीबी (मायएसक्यूएलमधून फुटून निघालेला वेगळा डेटाबेस) असतो. @@व्हर्जन मध्ये आकड्यामागे 'मारियाडीबी' आलं की समजायचं. शाळा-कॉलेजचे आणि छोट्या दुकानांचे प्रोग्रॅम झॅम्पवर बनतात आणि मग होस्टिंगवरच्या खऱ्या मायएसक्यूएलवर चढवताना एखादी क्वेरी अडते, तेव्हा दोष क्वेरीत शोधण्याआधी दोन्हीकडे हा प्रश्न टाकावा.

सर्वात जास्त वेळ खाणारी चूक लिनक्सवर होते. एकाच मशीनवर दोन सर्व्हर, एक ३३०६ वर, दुसरा ३३०७ वर. कमांड लाइनवर होस्ट 'लोकलहोस्ट' आणि पोर्ट ३३०७ दिलं, जोडलं, पासवर्डही चालला. 'सिलेक्ट @@पोर्ट' टाकलं तर ३३०६. कारण लिनक्सवर 'लोकलहोस्ट' हा शब्द दिला की क्लायंट नेटवर्कने जातच नाही, सॉकेट फाइलने (मशीनच्या आतल्या आत जोडणाऱ्या फाइलने) जातो, आणि दिलेलं पोर्ट गप्प बाजूला ठेवतो. 'लोकलहोस्ट' ऐवजी १२७.०.०.१ लिहिलं की काम झालं. चाचणीच्या डेटाबेसवर चालवायची डिलीट आज्ञा खऱ्यावर चालते ती याच वाटेने. म्हणून या मांडणीत डिलीटच्या आधी @@पोर्ट विचारणं हा नियमच करावा. विंडोजवर लोकलहोस्ट टीसीपीनेच जातो, त्यामुळे विंडोजवर शिकलेल्या माणसाला हे माहीत नसतं.

'@@सर्व्हर_यूयूआयडी' ही मायएसक्यूएलची खरी जन्मखूण. ५.६ पासून डेटाच्या फोल्डरमध्ये 'ऑटो.सीएनएफ' नावाची छोटी फाइल असते, तिच्यात ती लिहिलेली. नावावरून नाही, पत्त्यावरून नाही, यावरून सर्व्हर ओळखावा. पण फाइल म्हटली की नक्कल आलीच. वजनकाट्याच्या एका मशीनच्या डिस्कवरून दुसरं मशीन बनवलं की दोघांची यूयूआयडी एकच होते. एरवी ते खपून जातं, पण या दोघांमध्ये रेप्लिकेशन जोडायला गेलं की दोन्हीकडे सारखीच यूयूआयडी आहे असं सांगून ते थांबतं. नक्कल झालेल्या मशीनवर सेवा बंद करायची, ऑटो.सीएनएफ बाजूला हलवायची, सेवा चालू करायची. नवी फाइल आणि नवी यूयूआयडी आपोआप बनते. डेटाला धक्का लागत नाही. मारियाडीबीमध्ये ही यूयूआयडी नाही, तिथे '@@सर्व्हर_आयडी' वर भागवावं लागतं आणि तो आकडा आपणच द्यायचा असतो.

मायएसक्यूएलमध्ये कमी पडतो तो पत्ता. सर्व्हरचा आयपी सांगणारं फंक्शन नाही. '@@बाइंड_ॲड्रेस' कडे लोक वळतात, पण तिथे बहुतेकदा चांदणी किंवा ०.०.०.० असतं, म्हणजे 'सगळ्या पत्त्यांवर ऐकतोय'. तो मशीनचा पत्ता नाही. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंद कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) चालवलं तर होस्टनेमच्या जागी कंटेनरच्या ओळखीची बारा अक्षरं येतात, जी माणसाला काहीच सांगत नाहीत. कंटेनर बनवताना होस्टनेम हाताने द्यावं. पोर्टही आतलं दिसतं, बाहेर ३३०७ लावलं असलं तरी आतून ३३०६ च. आणि 'यूजर()' मध्ये ॲट चिन्हापुढे येतो तो जोडणाऱ्याचा पत्ता. इथेही होस्ट_नेम() सारखाच घोळ होतो.

मराठी-कन्नड मजकुरासाठी '@@कॅरॅक्टर_सेट_सर्व्हर' विचारा. ५.७ पर्यंत मूळ मांडणी लॅटिन१ होती, ८.० पासून यूटीएफ८एमबी४ आहे. लॅटिन१ वर उभ्या राहिलेल्या जुन्या टेबलात देवनागरी बसत नाही.

पोस्टग्रेस मशीनचं नाव सांगतच नाही. त्यासाठी फंक्शनच दिलेलं नाही, आणि हे या उत्पादनाचं मोठं उणेपण आहे. लिनक्सवर सुपरयूजर 'पीजी_रीड_फाइल' ने होस्टनेमची फाइल वाचू शकतो, पण त्यासाठी रोजच्या लॉगिनला इतके हक्क देणं धोक्याचं आहे. त्याऐवजी 'इनेट_सर्व्हर_ॲडर()' आणि 'इनेट_सर्व्हर_पोर्ट()' आहेत, आणि हे दोन्ही चालू जोडणीवरून खरं सांगतात. सॉकेटने जोडलं असेल तर नल, म्हणून होस्ट १२७.०.०.१ किंवा मशीनचा पत्ता देऊन जोडायचं. मध्ये पीजीबाउन्सर (जोडण्या सांभाळणारा मधला प्रोग्रॅम) असेल तर जोडता ६४३२ वर आणि उत्तर येतं ५४३२. ते बरोबरच आहे, खरा सर्व्हर तोच.

जन्मखुणेत मात्र पोस्टग्रेस सगळ्यांच्या पुढे आहे. ९.६ पासून 'सिलेक्ट सिस्टम_आयडेंटिफायर फ्रॉम पीजी_कंट्रोल_सिस्टम()' टाकलं की एक लांबलचक आकडा येतो. हा डेटा क्लस्टर (सर्व्हरच्या डेटाचं पूर्ण फोल्डर) पहिल्यांदा बनवला तेव्हा ठरलेला आणि पुढे नेहमीच्या वापरात न बदलणारा. त्याच्या वरच्या ३२ बिटांत क्लस्टर बनल्याची वेळ असते. त्यामुळे तो आकडा ३२ ने उजवीकडे सरकवून 'टू_टाइमस्टॅम्प' ला दिला की जन्मतारीखच मिळते. दोन सर्व्हरपैकी जुना कोणता हा वाद तिथेच मिटतो. डंप (डेटाची बाहेर काढलेली प्रत) घेऊन नव्या सर्व्हरवर चढवलं तर आकडा नव्या सर्व्हरचा असतो, डेटाचं फोल्डर उचलून नेलं तर जुनाच राहतो. मुख्य सर्व्हर आणि त्याचा स्टँडबाय (सतत अद्ययावत राहणारी राखीव नक्कल) यांचा आकडा एकच असतो, म्हणून सोबत 'पीजी_इज_इन_रिकव्हरी()' विचारायचं. खरं आलं तर स्टँडबाय, त्यावर लिहिता येणार नाही.

नावाची उणीव भरायची असेल तर मांडणीच्या फाइलमध्ये 'क्लस्टर_नेम' द्यावं आणि सेवा पुन्हा सुरू करावी. मग 'शो क्लस्टर_नेम' कुणालाही दिसतं आणि लिनक्सच्या प्रक्रियांच्या यादीतही उठून दिसतं. नाव रोमनमध्येच द्यायचं, देवनागरी तिथे टिकत नाही. हाही उताराच आहे, लिहिणाऱ्याने चूक लिहिलं तर चूकच दाखवणार. 'पीजी_पोस्टमास्टर_स्टार्ट_टाइम()' सुरू झाल्याची वेळ देतं, साध्या लॉगिनलाही.

ओरॅकल मोठ्या बँका आणि मोठे कारखाने वगळता इथे कमी दिसतो, पण या कसोटीवर तो सर्वात नीटनेटका आहे. 'व्ही$इन्स्टन्स' मध्ये होस्टचं नाव, आवृत्ती, सुरू झाल्याची वेळ सगळं आहे, फक्त साध्या लॉगिनला तिथे ओआरए-००९४२, 'टेबल किंवा व्ह्यू नाही', असं उत्तर मिळतं. टेबल असतं, बघायचा हक्क नसतो. त्याला वळसा घालायला 'सिलेक्ट सिस_कॉन्टेक्स्ट('यूजरएन्व्ह','सर्व्हर_होस्ट') फ्रॉम ड्युअल' आहे, त्याला वेगळा हक्क लागत नाही. त्याच पद्धतीने 'इन्स्टन्स_नेम', 'डीबी_युनिक_नेम', 'सर्व्हिस_नेम'. नुसतं 'होस्ट' विचारू नका, ते जोडणाऱ्याचं मशीन आहे. १२सी पासून 'कॉन_नेम' ही विचारावं, म्हणजे कुठल्या प्लगेबल डेटाबेसमध्ये (एकाच ओरॅकलच्या पोटातल्या वेगळ्या डेटाबेसमध्ये) आपण उभे आहोत ते कळतं. फाइलींची नक्कल करून उभ्या केलेल्या डेटाबेसचा 'डीबीआयडी' (ओळख क्रमांक) मूळचाच राहतो. तो बदलायला एनआयडी हे साधन वापरावं लागतं.

दुकानातल्या लहान बिलिंग प्रोग्रॅमखाली एसक्यूलाइट असेल तर सर्व्हर नसतोच, फाइल असते. 'प्राग्मा डेटाबेस_लिस्ट' तिचा पूर्ण मार्ग सांगतं, तेवढीच त्याची ओळख.

या सगळ्याला पर्याय म्हणून बऱ्याच ठिकाणी एक जुगाड दिसतो: डेटाबेसमध्येच 'सर्व्हर_माहिती' नावाचं टेबल, त्यात एक ओळ, 'मुख्य सर्व्हर'. पडद्याच्या वर ती ओळ दाखवायची. हे करू नये. टेबल बॅकअपमध्ये जातं. तो बॅकअप चाचणीच्या मशीनवर उतरवला की चाचणीचा डेटाबेसही स्वतःला 'मुख्य सर्व्हर' म्हणवतो. असं टेबल ठेवायचंच असेल तर त्यात नाव नको, अपेक्षा लिहा: हा डेटाबेस कुठल्या मशीनवर असायला हवा. प्रोग्रॅम उघडताना ती ओळ आणि सर्व्हरने आत्ता सांगितलेलं मशीनचं नाव पडताळायचं. जुळलं नाही तर पडद्याची पट्टी लाल करायची आणि नोंद करू द्यायची नाही.

रात्रीच्या बॅकअपलाही हीच पडताळणी हवी. एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) नसतो, त्यामुळे बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून 'एसक्यूएलसीएमडी' ने चालतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'सर्व्हरप्रॉपर्टी('मशीननेम')' अपेक्षित नावाशी ताडून बघा. वेगळं निघालं तर 'रेझएरर' आज्ञेने १६ पातळीची चूक उभी करा. त्याखाली 'गो' लिहून बॅकअपची आज्ञा वेगळ्या बॅचमध्ये ठेवा, कारण रेझएरर त्याच बॅचमधल्या पुढच्या ओळी थांबवत नाही. आणि एसक्यूएलसीएमडीला 'वजा बी' हा पर्याय द्या. तो असला तर चूक आल्यावर पुढची बॅच चालत नाही आणि टास्क शेड्युलरमध्ये निकाल १ दिसतो. तो राहिला तर चुकीच्या मशीनचा बॅकअप बरोबर नावाने जमा होत राहतो आणि निकालाच्या रकान्यात रोज सकाळी शून्यच असतो.